गिअरबाईंनी गळती शोधली

कारखान्यात त्यांना सगळे गिअरबाई म्हणत. सुरुवातीला चिडवायला म्हणत, मग काम अडलं की हाक मारायला म्हणू लागले, आणि कारखाना बंद पडला तोवर त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीबाहेर कुणाला आठवतही नव्हतं. आता वय सत्तर. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढतोय, पण "तुम्हाला जमणार नाही" एवढे तीन शब्द कानावर पडले की अजूनही त्या खुर्चीतून ताडकन उठतात. गुडघ्यांना तेवढ्यापुरती रजा.

हे तीन शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकले ते बाविसाव्या वर्षी. कपडे धुण्याची मशीनं बनवणारा तो कारखाना होता. तिथे बायकांची कामं ठरलेली होती. पत्रा पुसा, लेबलं चिकटवा, खोक्यात भरा. गिअरबॉक्स जोडायचा लांबलचक बाक हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तिथे झाडून सगळे पुरुष. तीन महिने लेबलं चिकटवून जीव विटला तेव्हा त्यांनी फोरमनला विचारलं, "मला त्या बाकावर घ्याल का?"

"तेल लागतं हो हाताला," फोरमन म्हणाला. "तुम्हाला जमणार नाही."

बाकावरचा नऊ नंबरचा कामगार तोंड फाटेपर्यंत हसला. "आधी नखं कापून या म्हणावं!"

गिअरबाईंनी वाद घातला नाही. भंगाराच्या पेटीतून एक नापास झालेला गिअरबॉक्स उचलला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पाना, असा तो खोलायला सुरुवात केली. खोलायचा, जोडायचा, पुन्हा खोलायचा. दोन महिन्यांनी एका सकाळी तो फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "दिवसभर फिरवा. थेंब जरी गळला तरी मी जन्मभर लेबलं चिकटवीन."

थेंब गळला नाही. पुढच्या सोमवारी त्यांना बाकावर तेवीस नंबरची जागा मिळाली. प्रत्येक कामगाराने जोडलेल्या गिअरबॉक्सच्या झाकणात आतून आपला नंबर ठोकायचा, अशी तिथली पद्धत होती. तेवीस नंबरचा ठोका त्यांनी पुढची एकवीस वर्षं मारला.

घरातलं मशीन त्याच कारखान्याचं. मुलगा रांगत होता तेव्हा कामगारांच्या सवलतीत घेतलेलं. चार पायांवर उभी गोल टाकी, आत मधोमध कपडे घुसळणारा पंखा, वर पिळायचे दोन रबरी रूळ, बाजूला चालू-बंद करायची दांडी आणि टाकीच्या पोटाखाली गिअरबॉक्स. चालू झालं की त्याच्या गुरगुरण्याने मागच्या खोलीच्या खिडकीची काच थरथरते. पण चाळीस वर्षांत त्याने एकदाही "आज नाही" म्हटलं नव्हतं.

आणि आता ते तेल गाळायला लागलं होतं.

आधी खाली एखादा थेंब दिसायचा. गिअरबाई फडक्याने पुसून टाकायच्या आणि कुणाला बोलायच्या नाहीत. मग थेंबाची चकती झाली, चकतीचं थारोळं झालं. एका शनिवारी सकाळी त्या ओले कपडे घेऊन वळल्या आणि त्याच थारोळ्यावरून पाय सटकला. गुडघा जमिनीवर आपटला. आणि नेमक्या त्याच दिवशी सुनेचा पांढरा गणवेश टाकीतून बाहेर आला तो पाठीवर तळहाताएवढा पिवळट डाग घेऊन.

सून इस्पितळात नर्स. डाग बघून तिने डोळे मिटले, पाचपर्यंत मोजल्यासारखं केलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, हा तिसरा."

"साबणात भिजत घालते. निघेल."

"आधीचे दोन निघाले नाहीत. ह्यात मी पेशंटसमोर जाऊ कशी?"

सुनेचं चुकत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं, आणि म्हणूनच राग जास्त आला.

मुलाने संध्याकाळी आईचा सुजलेला गुडघा पाहिला आणि त्याचा पारा चढला. "बस झालं. मी नवीन मशीन सांगून टाकलंय. गुरुवारी येईल. येणारे लोक जुनं घेऊन जातील."

"कुणाला विचारून?"

"तुझ्या गुडघ्याला विचारून!"

"अरे, नीट होईल ते."

"आई, दुकानातला माणूस येऊन बघून गेला ना? तोच म्हणाला की ह्यात काही राम नाही."

तो माणूस गेल्या महिन्यात आला होता खरा. मशीनपासून चार हात लांब उभा राहिला, खिशातून हातही काढला नाही आणि म्हणाला, "मावशी, हे आता बागेत ठेवा आणि फुलझाडं लावा." गिअरबाई म्हणाल्या होत्या, "अहो, वाकून तरी बघा." तर म्हणे पाठ दुखते.

"तो वाकलासुद्धा नाही," गिअरबाई आता मुलाला म्हणाल्या. "न वाकता त्याला काय दिसलं? गळती खाली आहे, त्याचं नाक वर होतं."

"मग काय, आता ह्या वयात तू वाकणार?"

"गुरुवार कधी आहे?"

"आई—"

"आज शनिवार. म्हणजे मधे चार दिवस आहेत. तोवर ते मशीन माझं आहे. कुणी हात लावायचा नाही."

मुलगा बायकोकडे बघायला लागला. तिने खांदे उडवले. "चार दिवस मी इस्पितळात धुवायला देते. पण आई, पाचवा दिवस मागायचा नाही."

"नाही मागणार," गिअरबाई म्हणाल्या.

रविवार त्यांनी गुडघा शेकण्यात काढला आणि सोमवारी, मुलगा बँकेत आणि सून कामावर गेल्यावर, बाह्या वर सारल्या. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. पाने, गोल डोक्याची हातोडी, चिमटा, तारेचा ब्रश. सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. प्लग काढला. पाणी सोडून दिलं. आणि टाकीतला पंखा धरून वर ओढला.

तो हलेना. चाळीस वर्षांचा साबण त्याच्या बुडाशी दगड होऊन बसला होता. त्यांनी उकळतं पाणी ओतलं, थांबल्या, ओढलं. पुन्हा ओतलं, पुन्हा ओढलं. चौथ्या खेपेला त्यांनी त्याला अशी एक शिवी हासडली, जी त्या बाकावरच शिकल्या होत्या आणि घरात कधी वापरली नव्हती. पंखा सुटला.

मशीन आडवं करणं हे खरं संकट होतं. वजन त्यांच्या दुप्पट. त्यांनी जुनी गादी पसरली, एका बाजूच्या दोन पायांखाली एकावर एक लाकडाच्या फळ्या सरकवत गेल्या आणि मशीन इंचाइंचाने कललं. शेवटी त्याचा तोल गेला आणि ते धप्पकन गादीवर निजलं. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई ओरडल्या, "काय पडलं हो?"

"काही नाही पडलं! झोपवलंय!" गिअरबाई ओरडून म्हणाल्या.

तेल काढलं. काळंभोर, काकवीसारखं. गिअरबॉक्सचे आठ बोल्ट सोडवले आणि झाकण उचललं. आत काय दिसेल याचा त्यांनी आदल्या रात्री अंथरुणात पडून विचार केला होता. झाकणात कुणाचा तरी नंबर असणार. चाळीस वर्षं आपल्या घरात कुणाचा हात नांदतोय, हे त्यांना माहीत नव्हतं. फडक्याने तेल पुसलं, चष्मा कपाळावर सारून जवळून पाहिलं.

नऊ.

"मेल्या, तू?" गिअरबाई मोठ्याने म्हणाल्या.

नखं कापून या म्हणणारा नऊ नंबर. चूक सापडली तर त्यांना आनंदच झाला असता, हे कबूल करायला हवं. त्यांनी दात्यादात्याला बोट लावून पाहिलं, पंखा फिरवणारा दांडा हलवून पाहिला, बोल्टच्या भोकांच्या कडा पाहिल्या. काम चोख होतं. कुठे ओरखडा नाही, कुठे चालढकल नाही. दाते अजून नव्यासारखे. गिअरबाईंनी झाकण पुसता पुसता ते मान्य केलं. माणूस वाह्यात असला तरी त्याचा हात खरा होता.

दोष दिसला तो म्हाताऱ्या भागांत. झाकण आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारा जाड कागद, वाळून पापडी झालं होतं. आणि दांडा जिथून वर टाकीत जातो, तिथलं रबरी ऑइल सील, म्हणजे दांड्याला आपल्या ओठाने घट्ट धरून तेल अडवणारी कडी, नखाने दाबलं तर दबेना.

गॅस्केट त्यांनी घरीच केलं. तसलाच कोरा जाड कागद गिअरबॉक्सच्या कडेवर ठेवायचा आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलके ठोकत जायचं. कडच कागद कापते, कात्री लागत नाही. हात विसरला नव्हता. सील मात्र विकत आणणं भाग होतं. मंगळवारी सकाळी जुनं सील पिशवीत टाकून त्या बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने वरही पाहिलं नाही. "मिस्त्रीला पाठवा ना, बाई. तुम्ही काहीतरी चुकीचं न्याल आणि परत मलाच त्रास."

"मिस्त्री आलाय."

"कुठाय?"

"तुमच्यासमोर उभा आहे. आतला व्यास पंचवीस, बाहेरचा बेचाळीस, जाडी सात. ओठाला स्प्रिंग असलेलं पाहिजे. बिनस्प्रिंगचं देऊन माझी बोळवण करू नका."

दुकानदाराने वर पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. मग मुकाट्याने मागचं कपाट उघडलं आणि तीन डब्या उपसून चौथीतून सील काढलं. "कसल्या मशीनला लावताय, मावशी?"

"बागेत ठेवून फुलझाडं लावायच्या," असं म्हणून गिअरबाई बाहेर पडल्या. तो बिचारा बघतच राहिला.

सील बसवताना त्यांनी घाई केली नाही. दांड्याच्या टोकाच्या खाचांवर गुळगुळीत प्लॅस्टिक गुंडाळलं, नाहीतर सीलचा नाजूक ओठ चिरतो. ओठाला तेल लावलं. लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोकत सील जागेवर बसवलं. बोल्ट आवळले ते समोरासमोरचे, थोडे थोडे करत. नवं तेल भरलं. मशीन उभं करणं मात्र एकटीला जमेना. खालच्या शेजारीणबाई आल्या, दोघींनी मिळून ते उभं केलं, आणि शेजारीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या घरात असतं तर मी केव्हाच देऊन टाकलं असतं."

"म्हणून ते माझ्या घरात आहे," गिअरबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मुलगा आणि सून घरी असतानाच त्यांनी मशीन चालू केलं. खाली एक स्वच्छ ताट ठेवलं. दहा मिनिटं झाली. ताट कोरडं. पंधरा. कोरडं. मुलगा खाली बसून बघायला लागला, त्याच्या चेहऱ्यावर लहानपणचं कुतूहल आलं.

पंचविसाव्या मिनिटाला दांड्याच्या बाजूने एक सोनेरी थेंब आला, लोंबकळला आणि ताटात टप्पकन पडला. मग दुसरा.

मुलाने हात लांब करून दांडी खाली केली. गुरगुर थांबली. तो मऊ आवाजात म्हणाला, "आई, केलंस ना एवढं? पुष्कळ झालं. आता पुरे."

तो चिडला असता तर गिअरबाईंनी ऐकून घेतलं असतं. पण हा मऊ आवाज! आजारी माणसाच्या उशाशी बसून काढतात तसला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुरे काय ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या. "बुधवार अजून माझा आहे."

अंथरुणावर पडल्या तरी डोक्यात तोच थेंब. गॅस्केट ठीक. सील ठीक. दांडा गुळगुळीत. मग तेल ढकलतंय कोण? आणि पहिली पंचवीस मिनिटं कुठे होतं?

बुधवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं, शेजारी पाट टाकला आणि गिअरबॉक्सच्या अंगावर तळहात ठेवून बसल्या. गार होता. हळूहळू कोमट झाला. मग चांगलाच ऊन. आणि ऊन झाला तसा थेंब आला. गार असताना गळत नाही, तापल्यावर गळतं. त्यांनी मशीन बंद केलं, प्लग काढला आणि तेल भरायचं बूच पान्याने अर्धा फेरा सैल केलं.

फुस्स!

आतून हवा अशी सुटली, जशी कुणी दिवसभर दाबून ठेवलेला राग सोडावा. गिअरबाई पाटावरच बसल्या बसल्या म्हणाल्या, "अगं बाई! ह्याचा श्वास कोंडलाय!"

गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला वरच्या खांद्यावर सुईच्या नेढ्याहून थोडं मोठं भोक असतं. बाकावर असताना हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. भोक बुजलं की हवा वाट शोधते, आणि वाट असते सीलच्या ओठाखालून, तेलाला सोबत घेऊन. मग सील सोन्याचं लावा, काही उपयोग नाही.

भोक कुठाय? त्यांनी बोटाने चाचपलं. आरसा आणि बॅटरी घेऊन पाहिलं. खांदा सपाट, गुळगुळीत, आणि निळा.

निळा! गेल्या वर्षी टाकीच्या बुडाला गंज दिसला तेव्हा मुलाने सुट्टीच्या दिवशी अंगात जुना शर्ट घालून, मोठ्या मायेने, मशीनचा खालचा सगळा भाग निळ्या रंगाने रंगवला होता. एक हात नाही, तीन हात. आणि पहिला थेंब पडला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी. गिअरबाईंना एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. त्यांनी जाड सुई घेतली, अंदाजाने जागा धरली आणि टोचली. रंगाची एक जाड खपली निघाली आणि तिच्याखाली ते भोक, चाळीस वर्षांपूर्वी होतं तितकंच गोल.

सावधगिरी म्हणून त्यांनी शेजारीणबाईंच्या मदतीने मशीन पुन्हा निजवून सील काढून पाहिलं. ओठ शाबूत होता. पुन्हा बसवलं, मशीन उभं केलं. पुन्हा बूच, पुन्हा तेल, पुन्हा तळहात. मशीन एक तास चाललं. दीड तास चाललं. गिअरबॉक्स ऊन झाला, आणि ताट कोरडं राहिलं.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. त्याच्या हातावर रंगाची निळी खपली ठेवली.

"हे काय?"

"तुझी गळती."

त्यांनी समजावून सांगितलं. तो ऐकता ऐकता आधी हसला, मग लाल झाला, मग म्हणाला, "मला काय माहीत तिथे भोक असतं ते?"

"तुला माहीत नव्हतं, त्याचं काहीच नाही. रंग तू प्रेमाने लावलास. पण माहीत नसताना तू माझं वय काढलंस. दुकानदाराने मिस्त्रीला पाठवा म्हटलं, त्या न वाकणाऱ्याने फुलझाडं लावा म्हटलं, तेही एक वेळ ठीक. पण तू वय काढलंस." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "इथून पुढे मशीन बिघडलं तर मशीनला दोष द्यायचा. मला नाही."

मुलगा मान खाली घालून खपली बोटांत फिरवत राहिला. "गुडघा पाहून घाबरलो होतो गं," तो शेवटी म्हणाला.

"ते कळलं मला. घाबर. पण घाबरून माझ्यासाठी ठरवत जाऊ नकोस."

गुरुवारी सुनेला सुट्टी होती. तिने सगळी हकिकत ऐकली, पण नर्सचा स्वभाव, पुराव्याशिवाय विश्वास नाही. कपाटातून कोरा करकरीत गणवेश काढला आणि स्वतः टाकीत टाकला. "हा नवा आहे, आई. उद्या घालायचाय."

"टाक."

मशीन गुरगुरत असतानाच दारावर थाप पडली. दोन माणसं, मधे माणसाएवढं खोकं. "नवीन मशीन. आणि जुनं न्यायचं लिहिलंय."

मुलगा रद्द करायला विसरला होता, की मुद्दाम थांबला होता, देव जाणे. गिअरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "जुनं कामात आहे. दिसत नाही?"

"मावशी, आम्हाला कागदावर सही लागते."

"सुनेची घ्या. गणवेश तिचा आहे."

सून म्हणाली, "दहा मिनिटं बसा." त्या दोघांना तिने चहा दिला. मग रुळांतून गणवेश पिळून काढला, खिडकीशी नेला, पुढून पाहिला, पाठून पाहिला, काखेची शिवण उलटी करून पाहिली. गिअरबाई कुठेतरी दुसरीकडे बघण्याचं नाटक करत होत्या. मग सुनेने खोक्यावरच कागद ठेवून लिहिलं: नको आहे, परत न्यावे. आणि सही केली.

माणसं खोकं उचलून जिना उतरू लागली तेव्हा ती सासूकडे वळली. "एक अट आहे. पुन्हा डाग पडला तर माझा गणवेश तुम्ही हाताने धुवायचा."

"कबूल. आणि माझीही एक अट आहे. मशीन कसं उघडायचं ते तू शिकायचं. येत्या रविवारी."

"मला? आई, मला ते नाही जमणार."

सून हे बोलून गेली आणि सासूचा चेहरा पाहून तिने जीभच चावली. मुलगा आतल्या खोलीत खो खो हसत सुटला. गिअरबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी पायाने पुढे ढकलली. "रविवारपर्यंत कशाला थांबायचं?" त्या म्हणाल्या. "प्लग काढ. आधी प्लग काढायचा, हे पहिलं."